खासगी अँब्युलन्सवर नवीन लागताय? मागं बसायच्या आधी हे वाचा

मराठवाड्यात अँब्युलन्सवर काम मिळणं फार सोपंय आणि सगळा घोळ तिथंच आहे. गाडी येते ना चालवता, रात्री जागता येतं ना, मग या उद्यापासून. मालक एक शर्ट देतो, पोरगा सकाळी गाडीवर चढतो आणि संध्याकाळी उदगीरहून लातूरला ऑक्सिजनवरचा पेशंट घेऊन निघालेला असतो, फ्लोमीटरमधला (मिनिटाला किती ऑक्सिजन जातोय ते दाखवणाऱ्या नळीतला) गोळा मध्यावर वाचायचा असतो एवढं पण त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग कॅज्युल्टीत, म्हणजे दवाखान्याच्या तातडीच्या विभागात, कुणीतरी "ए ड्रायव्हर, बाजूला हो" म्हणलं की त्याला राग येतो. येणारच. पण समोरच्यानं आपल्याला काय समजून बाजूला केलं याचा पण थोडा विचार करा, कारण त्यानं त्या दिवशी आपल्याआधी आलेल्या गाड्या बघितलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्यात मागं फक्त नातेवाईक बसलेले असतात.

सरकारी १०८ ची गोष्ट वेगळी. ती सेवा आपल्याकडं २०१४ ला सुरू झाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला मिळून ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ अॅडव्हान्स आणि ७०४ बेसिक, गाडीत डॉक्टर. पण तालुक्याच्या खासगी दवाखान्यातनं रेफर झालेला पेशंट लातूरला, नांदेडला, अंबाजोगाईला नाहीतर संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याला न्यायचा आणि तिथनं पुढं सोलापूर, हैदराबाद, पुणे, हे शिफ्टिंगचं बरंचसं काम खासगी गाड्याच ओढतात. म्हणजे जास्त लांबचा आणि जास्त सिरियस पेशंट अशा गाडीत असतो जिथं मागं कोण बसलंय हे कुणी विचारत नाही. हा लेख त्या मागं बसणाऱ्यासाठी, आणि पुढं बसणाऱ्यासाठी पण.

पहिलं काम : गाडी काय आहे ते बघा

गाडीवर काय रंगवलंय त्याच्याकडं बघू नका, "कार्डियाक" आणि "आयसीयू ऑन व्हील्स" कुणी पण लिहून घेतं, आत बघावं तर एक बाकडं आणि एक सिलेंडर. अँब्युलन्ससाठी देशात एआयएस-१२५ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात चार प्रकार : ए म्हणजे पहिली मदत पोचवणारी, बी म्हणजे पेशंटची नुसती ने-आण करणारी, सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि डी म्हणजे अॅडव्हान्स. मालकाला सरळ विचारायचं, शेठ आपली गाडी कशात मोडते, आरसी दाखवा, फिटनेस कधीपर्यंत आहे, इन्शुरन्स चालू आहे का. पहिल्याच दिवशी असं विचारलं तर जातो का काय काम अशी भीती वाटते, पण एवढ्या विचारण्यावर जो मालक चिडतो त्याची गाडी कशी असेल ते तुम्हीच ठरवा. बी टाईपच्या गाडीत व्हेंटिलेटरचा पेशंट घालायला लावणारा मालक अपघात झाला की पहिलं बोट तुमच्याकडंच दाखवणार.

दुसरं : कोर्स

बारावी झाली असेल, शक्यतो सायन्स, तर हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन बेसिक हा कोर्स बघा. डिप्लोमा आणि डिग्री पण आहेत. २०२१ साली केंद्राचा सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा कायदा झाला, त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणजेच पॅरामेडिक हा व्यवसाय म्हणून घातलाय. उद्या नोंदणी कडक झाली की कागद नसलेल्यांची पंचाईत होणार, म्हणून आत्ताच हालचाल करा.

पण कोर्स निवडताना एकच प्रश्न विचारायचा, क्लिनिकल पोस्टिंग कुठं आणि किती. मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युल्टीत उभं राहायला मिळत नसेल, नुसतं वर्गात पीपीटी दाखवून सर्टिफिकेट छापून देत असतील तर तो पैसा पाण्यात. असले क्लासेस जिल्ह्याच्या गावात बसस्टँडच्या आसपास भरपूर निघालेत, "शंभर टक्के नोकरी" असं बोर्डावर लिहिलेलं असलं की मी तर पायरीच चढत नाही.

कोर्स लांबचा वाटत असेल तर निदान बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचा छोटा कोर्स करून घ्या, दोन वर्षांनी परत करावा लागतो. पुतळ्यावर हात चालवल्याशिवाय सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं, येत नाही, व्हिडिओ कितीही बघा. छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, तीस दाब झाले की दोन श्वास, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे वाचायला सोपं वाटतं, दोन मिनिटांनी दंड भरून येतात आणि दाब उथळ व्हायला लागतात, म्हणून माणूस बदलायचा असतो, आणि म्हणूनच ड्रायव्हरनं पण हा कोर्स केलाच पाहिजे. गाडीत दुसरा कोण असतो हो? नातेवाईक तर रडायलेले असतात.

तिसरं : सकाळची चेकिंग, आणि त्यात ऑक्सिजनचा हिशोब

याच्यावर जरा जास्त लिहितो कारण घात इथंच होतो.

आपल्याकडं गाडीत दोन साईजचे सिलेंडर दिसतात (इथले बी आणि डी सिलेंडरचे, वरच्या गाडीच्या प्रकारांशी गल्लत करू नका). बी टाईप, म्हणजे छोटा, पूर्ण भरलेला असला तर साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन. आणि डी टाईप, ज्याला सगळे जंबो म्हणतात, तो साधारण ७,००० लिटर. काटा १५० वर असला तर फुल धरा. बी टाईपमध्ये पाणी भरलं तर १० लिटर मावतं, म्हणून १० गुणिले काटा एवढा सोपा हिशोब, काटा १०० वर असेल तर १,००० लिटर शिल्लक.

आता लातूरहून सोलापूरला निघालात, पेशंटला मास्कवर मिनिटाला १० लिटर चालू आहे. १,५०० भागिले १०, म्हणजे १५० मिनिटं, अडीच तास. औसा गेलं, तुळजापूर गेलं, घाटात एखादा ट्रक आडवा झाला की झालं, सोलापूरचा नाका दिसायच्या आधी काटा खाली बसणार. आणि ही गोष्ट सिलेंडर फुल असला तरची. नांदेड-हैदराबाद घ्या, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, सहा तास धरले तर १० लिटरनं ३,६०० लिटर लागतात. अर्धा भरलेला जंबो दिसायला केवढा दांडगा दिसतो पण त्यात ३,५०० च आहेत! माझा नियम असा की जेवढं लागेल त्याच्या दीडपट असल्याशिवाय गाडी हलवायची नाही, म्हणजे हैदराबादला ५,४०० च्या वर. मालक म्हणेल रस्त्यात बदलून घेऊ, रात्री दोन वाजता देगलूरच्या पुढं कोण बदलून देणार आहे ते त्यालाच विचारा.

हा हिशोब नातेवाईकासमोर कागदावर करायचा. डॉक्टरसमोर तर नक्कीच. "सर, पंधरा लिटरवर न्यायचं असेल तर एवढ्या सिलेंडरला जमणार नाही, दुसरा घेतो" असं म्हणलात की समोरच्याचा आवाज बदलतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

सिलेंडरच्या अजून दोन गोष्टी. एक, रेग्युलेटरच्या आट्यांना तेल, ग्रीस, मोबिल काही म्हणजे काही लावायचं नाही, इंजिनात हात घातलेला असेल तर आधी साबणानं धुवा. ऑक्सिजन आणि तेलाचा भडका होतो. दोन, सिलेंडर पट्ट्यानं बांधलेलाच पाहिजे, आपल्या रस्त्यांवर सुटा जंबो म्हणजे आत बॉम्ब घेऊन फिरणं. आणि पाना? पाना दोरीनं सिलेंडरलाच बांधून ठेवा, नाहीतर नेमका लागतो तेव्हा तो ड्रायव्हरच्या सीटखाली असतो.

बाकीची चेकिंग पटापट. सक्शन, म्हणजे तोंडातला फेस-उलटी ओढून काढणारं मशीन, नुसतं बघायचं नाही, चालू करून नळीच्या तोंडाला बोट लावून ओढतंय का ते बघायचं. अम्बू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, तळहातावर दाबून बघायची, लहान मुलाची वेगळी आहे का ते पण. पल्स ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख. इन्व्हर्टर चार्ज आहे का. स्ट्रेचरचं लॉक. वहीत लिहा, सही करा, वेळ टाका.

चौथं : पेशंट उचलायच्या आधी

रेफर चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय उचलू नका. चिठ्ठीत काय दिलंय, किती वाजता दिलंय हे वाचून घ्या, कळलं नाही तर विचारा, लाजू नका. जिथं न्यायचंय तिथं बेड आहे का हे फोन करून पक्कं झालंय का? हे दवाखान्याचं काम असलं तरी विचारायचं आपण, कारण तीन दारं फिरायची वेळ आली तर ती आपल्यावर येते. निघताना सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), पल्स, बीपी, आणि माणूस कितपत शुद्धीवर आहे हे लिहून घ्या. चार पायऱ्या लक्षात ठेवा : नीट जागा आहे, हाक मारली की बघतो, चिमटा काढला की हलतो, कशालाच दाद देत नाही.

ट्यूब टाकलेला, व्हेंटिलेटरवरचा पेशंट असेल तर सोबत डॉक्टर पाहिजेच. "तू जा रे, काही होत नाही" असं म्हणणारे खूप भेटतात. नाही म्हणायचं. शांतपणे, आवाज न चढवता, पण नाहीच म्हणायचं.

आणि एक गोष्ट मला फार खटकते. काही पोरं गळ्यात स्टेथो घालतात आणि नातेवाईक "डॉक्टरसाहेब" म्हणले की गप बसून घेतात. नका करू असं. "आजी, मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, पेशंटला दवाखान्यात नीट पोचवणं माझं काम" एवढं एक वाक्य बोललं की बास. मनानं इंजेक्शन ठोकणं, ड्रिपचा वेग मनानं वाढवणं हे तर लांबच राहू द्या.

पाचवं : आपल्या भागातले पेशंट

फवारणीचं औषध प्यालेला. हा पेशंट मराठवाड्यात तुम्हाला मिळणारच, पहिल्या महिन्यातच मिळेल. ग्लोव्हज दोन जोड घाला, कपड्यांवर औषध सांडलेलं असेल तर कपडे काढून पिशवीत बांधा, अंग धुवा, कारण ते कातडीतनं पण आत जातं आणि तुमच्या पण अंगाला लागतं. मागच्या खिडक्या उघड्या ठेवा. डाव्या कुशीवर झोपवा, तोंडातला फेस सक्शननं काढत राहा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उद्योग कुणी करत असेल तर थांबवा, ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट. बाटली सोबत घ्या, लेबल फाटलेलं असलं तरी घ्या, डॉक्टरला नाव कळलं की वेळ वाचतो. आणि "काहून प्यालास बाबा, लेकराबाळांचा विचार नाही केलास का" हे प्रश्न गाडीत नकोत, त्याच्या बायकोला पण नकोत. मोबाईल खिशात.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर चालणारं एकच औषध सरकारी दवाखान्यात मिळतं आणि तिथं जितक्या लवकर पोचेल तितकं बरं. अजून पण बऱ्याच ठिकाणी आधी देवळात नेतात, लिंबाचा पाला खाऊ घालून कडू लागतोय का बघतात, त्यात तास-दीड तास जातो. तुम्ही पोचलात की वाद घालू नका, देवाचं झालं असेल तर आता गाडीत घ्या म्हणा. चावलेला पाय हलू द्यायचा नाही, फळीला बांधायचा, अंगठी, जोडवी, पैंजण काढायचं कारण सूज चढते. सुतळीनं आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. आधीच कुणी आवळून बांधलेलं असेल तर ते रस्त्यात एकदम सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरसमोर सोडायचं. चावल्याची वेळ लिहा. डोळ्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या, बोलणं अडखळायला लागलं की श्वासावर नजर ठेवा आणि पुढच्या दवाखान्याला फोन लावा.

अपघात. कारखाने सुरू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि रात्रीचा मोटरसायकलवाला. लोकांनी हातपाय धरून उचलायच्या आत तुम्ही मान धरा. मानेला कॉलर, पाठीखाली स्पाइन बोर्ड, अंग आणि मान एका रेषेत ठेवून सगळ्यांनी मिळून वळवायचं, मोजून, "एक दोन तीन" म्हणून. बघे मदत करायला घाबरत असतील तर त्यांना सांगा, मदत करणाऱ्याला आता मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे, कुणी अडकवत नाही.

सहावं : चालवणं

सायरन असला म्हणून रस्ता आपल्या बापाचा होत नाही. वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे हे खरं, पण मागं उभं राहून कुणी अम्बू दाबत असताना तुम्ही स्पीडब्रेकरवरनं गाडी उडवली तर त्या पेशंटचं काय होतं हे एकदा स्वतः मागं उभं राहून बघा. नवीन ड्रायव्हरला मी पहिल्यांदा स्ट्रेचरवर आडवं झोपायला लावून औसा रोडवर एक चक्कर मारून आणायला सांगतो, त्यानंतर ब्रेक कसा मारायचा ते शिकवावं लागत नाही. रिकाम्या गाडीला, चहाला जाताना, सायरन वाजवायचा नाही, त्याच्यामुळंच लोक खऱ्या वेळेला बाजूला होत नाहीत. समृद्धीवर रात्री एकट्यानं परत यायची वेळ आली आणि डोळा लागायला लागला तर थांबायच्या जागेवर थांबा आणि झोपा, मालकाचा फोन वाजू द्या.

सातवं : हँडओव्हर

तुमची किंमत या एका मिनिटात ठरते. बहुतेक जण काय करतात, स्ट्रेचर आत ढकलतात, "सर उदगीरचा पेशंट आहे" म्हणतात, चिठ्ठी टेबलावर टाकतात आणि सहीला वही पुढं करतात. त्यापेक्षा असं बोला :

"सर, पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस. दुपारी दोनच्या सुमारास फवारणीचं औषध प्यालाय, बाटली आणलीय. उदगीरला पोट धुतलंय, अॅट्रोपिन चालू केलंय, डोस आणि वेळ चिठ्ठीत आहे. निघताना सॅच्युरेशन ८८ होतं, आता दहा लिटरवर ९४. पल्स ११०, बीपी १०० बाय ६०. रस्त्यात दोनदा उलटी, सक्शन केलं. हाक मारली की डोळे उघडतो. बायको आणि भाऊ सोबत आहेत."

बास. काय झालं, काय दिलं, निघताना कसा होता, आता कसा आहे. अंदाजानं सांगू नका, मोजलं नसेल तर "मोजलं नाही" म्हणा. ड्युटीवरच्या पोरगेल्या डॉक्टरला रात्री तीन वाजता असं कुणी सांगितलं की तो मान वर करून तुमच्याकडं बघतो, पुढच्या वेळी तुमचं नाव विचारतो, आणि काही महिन्यांनी सिस्टरच म्हणतात की अमक्या गाडीनं पाठवा. ब्रदरला (पुरुष नर्सला), वॉर्डबॉय मामांना पण नीट बोला, स्ट्रेचर मिळवून देणारे तेच असतात.

पैसे, कट आणि बॉडी

भाड्याचे दर जिल्ह्याचं परिवहन प्राधिकरण ठरवून देतं, आरटीओ ऑफिसात मिळतात, त्याचा कागद गाडीत लावा. निघायच्या आधी रक्कम सांगा, वेटिंगचं कसं ते सांगा, पावती द्या. अर्ध्या रस्त्यात "अजून दोन हजार लागतील" म्हणणारा माणूस आपल्या सगळ्यांची इज्जत घालवतो.

कटाचं उघड बोलतो. अमक्या हॉस्पिटलला पेशंट नेला की पाकीट, हे चालतं आणि सगळ्यांना माहिती आहे. लातूरच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी असताना गाडी भलतीकडं वळवली तर ते पाकीट कुणाच्या तरी विकलेल्या जनावरातनं, मोडलेल्या डोरल्यातनं आलेलं असतं. मी या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही.

बॉडी न्यायची वेळ आली तर भाव करू नका. कोरोनात एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईला एकाच अँब्युलन्समध्ये २२ मृतदेह घातले गेले होते, देशभर बातमी झाली, गाड्या कमी पडल्या असं कारण सांगितलं गेलं. कारण काही असो, अँब्युलन्स म्हणलं की आपल्याकडं लोकांच्या डोळ्यासमोर ते पण येतं. चादर स्वच्छ ठेवा, चेहरा झाका, घरच्यांना बसायला जागा द्या, गाण्याचा आवाज बंद.

शेवटी स्वतःचं

हिपॅटायटिस बी ची लस, तीन डोस, पहिला आजच, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. सुई टोचली तर पिळू नका, साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा, एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं दोन तासात सुरू झाली तर उत्तम, ७२ तासानंतर उपयोग नाही. वापरलेल्या सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सीटखाली कोंबायचं नाही.

मालकाकडं नेमणुकीचं पत्र मागा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी म्हणजे कामगार राज्य विमा लागू होतो. चोवीस तासाची ड्युटी लावतात तिथं निदान झोपायची खोली तरी विचारून घ्या. नातेवाईक अंगावर आले तर उलट हात उगारू नका, महाराष्ट्रात २०१० पासून आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, पॅरामेडिकल कर्मचारी त्यात येतात, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पर्यंत दंड. पोलिसात जाताना त्या कायद्याखाली नोंद घ्या म्हणून सांगावं लागतं, आपोआप होईल असं धरून चालू नका.

एक वही स्वतःची ठेवा, मालकाची वेगळी. तारीख, कुठून कुठं, काय त्रास होता, ऑक्सिजन किती लागला, रस्त्यात काय केलं. पेशंटचं नाव आणि गाव लिहायचं नाही. पुढं पुण्याला नाहीतर हैदराबादला मोठ्या हॉस्पिटलच्या अँब्युलन्स विभागात मुलाखतीला गेलात तर सर्टिफिकेटच्या बरोबर ती वही पण टेबलावर ठेवा, आणि त्यांनी पगार सांगायच्या आधी ती उघडून बघू द्या.